घड्याळाने मॅक उघडणं : नऊ महिन्यांचा अनुभव, आणि ते कुठे कुठे अडतं

माझं मॅकबुक दिवसभर झाकण मिटून टेबलावरच्या उभ्या स्टँडमध्ये असतं. समोर मोठा मॉनिटर, वेगळा कीबोर्ड. बोटाचा ठसा घेणारं बटण मात्र मिटलेल्या झाकणाच्या आत. काम हिशेब तपासण्याचं, त्यामुळे लोकांच्या पगाराचे आणि कर्जाचे आकडे स्क्रीनवर उघडे असतात. पाणी प्यायला उठले तरी स्क्रीन कुलूपबंद करायचीच, हा माझा नियम. परत आल्यावर बावीस अक्षरांचा पासवर्ड, तोही दिवसातून पंचवीस-तीस वेळा. या कंटाळ्यातूनच मी ॲपल वॉचने मॅक उघडण्याची सोय चालू केली.

सोय तशी जुनी आहे. २०१६ मध्ये मॅकओएस सिएरा (मॅकची प्रणाली) आणि वॉचओएस ३ (घड्याळाची प्रणाली) यांच्याबरोबर ती आली. तरीही माझे पहिले दोन महिने त्रासाचे गेले. दहापैकी सहा-सात वेळा मॅक उघडायचा. उरलेल्या वेळी स्क्रीनवर ‘घड्याळाने उघडत आहे’ अशा अर्थाची ओळ यायची, थांबायची आणि विरून जायची. मी सोय बंद करून पुन्हा चालू करायचे, दोन दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. घड्याळ फोनपासून तोडून नव्याने जोडायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तोही एकदा पाळला, सगळी संध्याकाळ त्यात गेली आणि फरक काहीच पडला नाही. ही सोय आतून चालते कशी हे समजून घेतलं, तेव्हा कुठे एकेक कारण सापडत गेलं. म्हणून आधी तेच सांगते.

घड्याळ आणि मॅक पहिल्यांदा जोडले जातात तेव्हा मॅक ३२ बाइटची एक गुप्त संख्या तयार करून घड्याळाकडे ठेवायला देतो. ही संख्या एकदाच वापरायची असते. मॅक जागा झाला की ब्लूटूथवरून घड्याळाला हाक मारतो. दोघं एकमेकांची ओळख पटवतात. मग वाय-फायवरून, राउटरला मध्ये न घेता, थेट एकमेकांशी बोलून दोघांमधलं अंतर मोजलं जातं. अंतर पुरेसं कमी असेल तरच घड्याळ संख्या परत देतं, मॅक उघडतो आणि पुढच्या वेळेसाठी नवी संख्या घड्याळाकडे जाते.

यातली अंतर मोजण्याची पायरी मला फार आवडली. सिग्नल किती जोरदार आहे यावरून अंतराचा अंदाज बांधला असता, तर कुणीही मध्ये सिग्नल वाढवणारं यंत्र ठेवून, मी दुसऱ्या खोलीत असताना मॅकला फसवू शकलं असतं. इथे सिग्नलला जाऊन यायला लागणारा वेळ धरतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जाते. सिग्नलचा जोर वाढवता येतो, पण प्रवासाचा वेळ कमी करता येत नाही. मध्ये कुणी यंत्र ठेवलं तर वेळ उलट वाढेल. लोकांचे कागद सांभाळणाऱ्या माणसाला ही गोष्ट धीर देणारी आहे, आणि या सोयीवर मी विश्वास टाकला तो याचमुळे.

म्हणजे एकूण चार दुवे झाले: मनगटावरचं उघडं घड्याळ, ब्लूटूथ, थेट वाय-फाय आणि दोन्हीकडे जपून ठेवलेल्या जोडणीच्या नोंदी. अडचण यातल्या नेमक्या कुठल्या दुव्यात आहे हे न शोधता सरसकट रीस्टार्ट करत बसलं की माझ्यासारखे दोन महिने जातात.

पहिला दुवा सगळ्यात सोपा. घड्याळाला पासकोड हवा, मनगट ओळखण्याची सेटिंग चालू हवी आणि घड्याळ हातावर उघडं हवं. मी पट्टा सैल ठेवायचे. टाइप करताना घड्याळ सरकून मनगटाच्या हाडावर यायचं, मागच्या सेन्सरचा त्वचेशी संपर्क सुटायचा, आणि घड्याळाला वाटायचं की ते हातातून काढलं. ते आपणहून कुलूपबंद व्हायचं आणि मला पत्ताही लागायचा नाही. पट्टा एक भोक आवळला आणि हा प्रकार थांबला. चार्जिंगवरून उचलून घातल्यावर पासकोड टाकायचा राहून जातो, त्यालाही उपाय आहे. आयफोनवरच्या वॉच ॲपमध्ये पासकोडच्या पानावर ‘आयफोनने उघडा’ हा पर्याय चालू ठेवला की मनगटावर घड्याळ असताना फोन उघडला तरी घड्याळ उघडतं.

दुसऱ्या दुव्याने मला सर्वांत जास्त छळलं. ‘घड्याळाशी संपर्क होत नाही’ असा संदेश यायचा, पण रोज नाही. शेवटी एक वही घेतली आणि आठवडाभर प्रत्येक अपयशाची वेळ लिहून काढली. बघते तर काय, बाहेरची हार्ड डिस्क जोडून बॅकअप चालू असला की हमखास अपयश. डिस्क नसलेल्या दिवशी सगळं सुरळीत. डिस्क जोडली होती डॉकला, म्हणजे एका केबलने अनेक उपकरणं लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीला, आणि डॉक ठेवला होता मॅकबुकला अगदी चिकटून, त्याच स्टँडच्या पायाशी.

यूएसबी ३.० ची केबल आणि जोडणी वेगाने डेटा नेत असताना जो रेडिओगोंगाट करतात, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. ब्लूटूथ चालतं ते त्याच पट्ट्यात. इंटेलने २०१२ मध्येच या विषयावर शोधपत्र काढलं होतं, त्यामुळे गोष्ट नवी नाही. वायरलेस माउस अडखळतो तेव्हाही बऱ्याचदा कारण हेच असतं. माझा माउस वायरचा असल्याने मला हा इशारा मिळालाच नाही. मी डॉक हातभर दूर, टेबलाच्या मागच्या कडेला नेला आणि डिस्कची जुनी, पातळ केबल बदलून चांगलं आवरण असलेली जाड केबल घेतली. त्यानंतर बॅकअप चालू असतानाही घड्याळ मॅक उघडतं. हार्ड डिस्क, हब, डॉक यांपैकी काहीही लॅपटॉपला खेटून असेल तर इतर काहीही करण्याआधी ते दूर सरकवून पाहा. खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटं.

याच प्रकारातली आणखी एक गोष्ट म्हणजे आपलं शरीर. शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषून घेतं. मॅक उजव्या बाजूला, घड्याळ डाव्या हातात आणि तो हात टेबलाखाली मांडीवर, अशी माझी बसण्याची सवय होती. स्टँड डावीकडे नेला, तेव्हा उघडायला लागणारा वेळही कमी झाला.

तिसऱ्या दुव्यात दोन फसगती आहेत. वायरने इंटरनेट घेणारे लोक वाय-फाय बंद ठेवतात. तसं केलं की ही सोय बंद पडते, कारण अंतर मोजायला वाय-फाय लागतंच. ते कुठल्या नेटवर्कला जोडलेलं नसलं तरी चालेल, पण चालू हवं. दुसरी फसगत माझी स्वतःची. टॅबलेटला नेट मिळावं म्हणून मी मॅकवर इंटरनेट शेअरिंग चालू केलं आणि विसरून गेले. शेअरिंग चालू असताना मॅकचं वाय-फाय स्वतःच राउटरचं काम करत असतं, आणि घड्याळाने उघडणं चालत नाही. स्क्रीन शेअरिंगचंही तसंच. सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरल, मग शेअरिंग, आणि तिथली नको असलेली बटणं बंद. माझे तीन आठवडे यात गेले.

चौथा दुवा, नोंदींचा. सहाव्या महिन्यात मी मॅक बदलला आणि जुन्यावरचं सगळं जसंच्या तसं नव्यावर आणलं. सेटिंग्जमध्ये घड्याळाचं नाव दिसायचं, बटण सरकवलं की चक्र फिरायचं आणि बटण पुन्हा बंद. दोन्ही उपकरणं रीस्टार्ट केली, ब्लूटूथ बंद-चालू केलं, डॉक तर पूर्ण काढून ठेवला. काहीही नाही. जुन्या जोडणीच्या नोंदी नव्या मॅकवर येऊन बसल्या असाव्यात असा माझा तर्क होता, आणि त्या साफ केल्यावर पहिल्याच प्रयत्नात काम झालं.

हे जपून करायचं काम आहे, आधी टाइम मशीन या मॅकमधल्याच सोयीने बॅकअप घ्या. सेटिंग्जमध्ये घड्याळाचा पर्याय बंद करा. स्पॉटलाइटमधून, म्हणजे मॅकच्या शोधातून, कीचेन ॲक्सेस हे पासवर्ड जपणारं ॲप उघडा आणि व्ह्यू मेनूतून लपलेल्या नोंदी दाखवायला सांगा. शोधाच्या चौकटीत ‘ऑटो अनलॉक’ हे इंग्रजीत, दोन शब्दांत टाका, येतील त्या सगळ्या नोंदी काढा. मग तेच शब्द जोडून टाका आणि त्याही काढा. यांच्याशिवाय कशालाही हात लावू नका, तुमचे बाकीचे पासवर्ड तिथेच आहेत. त्यानंतर फाइंडरमध्ये स्वतःच्या खात्याच्या लायब्ररी फोल्डरात, शेअरिंगमधल्या ऑटोअनलॉक फोल्डरात दोन छोट्या पीलिस्ट (सेटिंग्ज साठवणाऱ्या) फाइली दिसतील. एकीच्या नावात ‘एलटीके’ असतं, दुसरीच्या नावात ‘पेअरिंग रेकॉर्ड्स’. त्या दोन्ही काढा, मॅक रीस्टार्ट करा आणि पर्याय पुन्हा चालू करा. काहींना बटण दोनदा सरकवावं लागतं.

सेटिंग्जमध्ये घड्याळाचा पर्यायच दिसत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. दोन्हीकडे एकच ॲपल खातं आहे का आणि त्याला द्विस्तरीय पडताळणी चालू आहे का हे बघा. लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल तर तिथल्या आयटी विभागाला विचारा, कारण ही सोय दूरून बंद ठेवण्याची मुभा त्यांना असते. अशा वेळी तुम्ही कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

आता रोजच्या वापराबद्दल. सध्या पन्नासात एखाद्या वेळी पासवर्ड टाकावा लागतो. स्पेसबार दाबला की साधारण दोन सेकंदांत स्क्रीन उघडते, रात्रभर झोपलेला मॅक पहिल्यांदा जागा होताना थोडा जास्त वेळ घेतो. पण माझ्या मते खरा फायदा वेळ वाचण्याचा नाही. पासवर्ड सतत टाकायचा असला की माणूस तो छोटा करतो, किंवा स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवून ठेवतो. मी याच्या उलट करू शकले. स्क्रीन एका मिनिटात बंद होते आणि पासवर्ड बावीसवरून सत्तावीस अक्षरांचा झाला आहे.

मॅकओएस कॅटलिनापासून, म्हणजे २०१९ पासून, मॅकने पासवर्ड विचारला की घड्याळाचं बाजूचं बटण दोनदा दाबून परवानगी देता येते. जपून ठेवलेले पासवर्ड बघताना, कुलूपबंद नोट उघडताना, सेटिंग्ज बदलताना मी तेच वापरते. इथे मुद्दाम बटण दाबावं लागतं, म्हणून मला हे आपोआप उघडण्यापेक्षाही जास्त भरवशाचं वाटतं.

एका गोष्टीची काळजी मात्र घ्यावी लागते. मॅक उघडताना तो फक्त घड्याळ जवळ आहे का एवढंच बघतो, कळ कुणी दाबली ते बघत नाही. मी शेजारच्या खुर्चीत वाचत बसले होते, भाची टेबलापाशी गेली, कीबोर्डला हात लागला आणि एका ग्राहकाचा ताळेबंद तिच्यासमोर उघडा. मनगटावर ठोका जाणवला म्हणून मला कळलं. तो ठोका प्रत्येक वेळी येतो, आपण कीबोर्डवर नसताना आला तर मान वर करून बघायची सवय लावून घ्या. घरात लहान मुलं किंवा शेजारी बसणारे सहकारी असतील तर हा विचार आधी करा. घड्याळ हातातून काढून ठेवलं की ते कुलूपबंद होतं आणि मॅक उघडत नाही, ही जमेची बाजू.

रीस्टार्ट किंवा लॉगआउट केल्यावर पहिल्यांदा पासवर्ड हातानेच टाकावा लागतो, त्यात घड्याळाची मदत होत नाही. हे मला माहीत होतं, तरी एका अपडेटनंतर मी स्क्रीनसमोर बसले आणि सत्तावीसमधली मधली सात-आठ अक्षरं आठवेनात. जवळजवळ दोन महिने तो पासवर्ड बोटांनी फारसा टाकलाच नव्हता. कागदावर लिहून कपाटात ठेवला होता म्हणून निभावलं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी मॅक मुद्दाम रीस्टार्ट करते आणि पासवर्ड हाताने टाकते.