तीन दिवसांत घर कोरडं: पुरानंतरची फसवणूक कशी चालते

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीच्या दुकानांपर्यंत शिरलं. असं पाणी ज्या वेगानं चढतं त्याच वेगानं उतरतं, पण गाळ आणि ओल मागे राहते. गाळ दिसतो म्हणून माणूस तो काढतोच. ओल मात्र दिसत नाही, आणि फसवणारे जगतात ते तिच्यावरच.

साचा ठरलेला असतो. चिखल उपसून दमलेल्या माणसाच्या दारात दोघे-तिघे येतात. टी-शर्टवर कंपनीचं नाव, हातात ‘वॉटर डॅमेज पॅकेज’चं रंगीत पत्रक. तीन दिवसांत घर कोरडं, बुरशीनाशकाची फवारणी, वर वॉटरप्रूफ पुट्टी आणि रंग, दहा वर्षांची गॅरंटी, निम्मे पैसे आगाऊ. दिवाळीला घर चकाचक दिसतं. संक्रांतीच्या सुमारास फरशीपासून दीड-दोन फुटांवर पोपडे धरतात, लोणा (क्षारांची पांढरी पूड) फुटतो, कपाटामागे काळे डाग उमटतात. तोवर पत्रकावरचा नंबर बंद पडलेला असतो.

तीन दिवस हा आकडा सहसा अमेरिकेतल्या, हरिकेननंतरच्या कामांच्या जाहिरातींतून उचललेला असतो. तिथल्या बहुतेक घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या असतात. भिजलेला बोर्ड दोन-चार फूट उंचीपर्यंत कापून फेकायचा, आतली चौकट पंखे आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) लावून वाळवायची, असं ते काम. आपली भिंत नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी सिमेंट प्लास्टर. दहा फूट लांबीची अशी भिंत तीन फुटांपर्यंत भिजली, तर भिजलेल्या भागाचं वजन अकराशे किलोच्या घरात जातं. विटेनं वजनाच्या दहा टक्के पाणी प्यायलं असं धरलं (आपल्या मानकात साध्या विटेला वीस टक्क्यांपर्यंत मुभा आहे), तरी त्या एका भिंतीत शंभर लिटरच्या वर पाणी आहे. भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला वाळायला साधारण महिना, हा अशा बांधकामाचा ढोबळ हिशेब. यंत्रांनी तो कमी होतो, तीन दिवसांवर येत नाही.

आता यंत्रं. खऱ्या डीह्युमिडिफायरला पाण्याची टाकी किंवा निचऱ्याची नळी असते, त्यातून पाणी बाहेर येतं आणि यंत्र किंचित गरम हवा सोडतं. तो चालू असताना खिडक्या-दारं बंद हवीत, नाहीतर तो बाहेरची पावसाळी हवाच वाळवत बसतो. ठगांकडे बहुतेकदा नुसते मोठे पंखे असतात. काही तर चक्क डेझर्ट कूलर आणून लावतात, वर ‘ड्रायर’चं स्टिकर. नागपूरकराला कूलर ओळखता येऊ नये हे नवलच, पण पत्र्याच्या जागी प्लास्टिकचा डबा असला की माणूस फसतो. यंत्रात पाणी ओतावं लागत असेल तर ते घर वाळवत नाही, भिजवतंय. रोज टाकीतून किती लिटर निघालं ते लिहून घ्या. पहिल्या दिवशी भरपूर आणि पुढे हळूहळू कमी, असा आकडा हवा. पहिल्यापासूनच शून्य असेल तर भाडं कशाचं देताय?

ओलावा मापकाची हातचलाखी याहून बेमालूम असते. दोन पिनांचं ते यंत्र बहुधा लाकडासाठी आखलेलं असतं. प्लास्टरवर त्याचा आकडा टक्केवारी म्हणून वाचायचा नसतो, फक्त तुलनेसाठी वापरायचा. ठग पाच फुटांवर, जिथे पाणी पोचलंच नाही तिथे पिना टेकवतो आणि हिरवा दिवा दाखवतो. त्यामुळे आधी वरच्या मजल्यावरची कोरडी भिंत मोजायला लावा, तो तुमचा पाया. मग भिजलेल्या भिंतीवर फरशीपासून सहा इंच, दीड फूट आणि तीन फूट अशा जागी पेन्सिलने खुणा करा. रोज त्याच खुणांवर मोजून फोटो काढा. लोणा असला की क्षारांमुळे आकडा खोटा चढतो, म्हणून आधी कोरड्या ब्रशनं झाडून घ्या.

मापक नसेल तर दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही कडांनी टेपनं भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतून थेंब धरले किंवा भिंत गडद झाली तर पुट्टीचा डबा उघडूच देऊ नका. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट किंवा ‘वॉटरप्रूफ’ लेप मारला की पाण्याचा बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. ते वर चढतं किंवा लेपालाच फुगवून काढतं. पीव्हीसी पॅनल तर त्याहून वाईट, मागे बुरशी वाढते आणि दिसतही नाही. घाई नसेल तर भिंत उघडी ठेवून चुन्यावर भागवा आणि रंग वैशाखानंतर लावा. नागपूरच्या एप्रिल-मेच्या हवेइतकं चांगलं यंत्र कोणी भाड्यानं देत नाही.

नाल्याचं पाणी शिरलं असेल तर गाद्या, फोमचा सोफा, पार्टिकल बोर्डचं फर्निचर वाळवून देण्याचे पैसे कुणालाही देऊ नका, ते टाकायचंच असतं. ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र करणाऱ्याला तिथेच थांबवा, विषारी क्लोरीन निघतो. बुडालेले एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच) आणि साधे स्विच हेअर ड्रायरनं ‘सर्व्हिस’ होत नाहीत, बदलावे लागतात. वायरिंगची ५०० व्होल्ट मेगरनं (तारांचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं) चाचणी करून आकडे लेखी घ्यावेत. एक मेगाओहमच्या खाली असेल तर त्या सर्किटला पुरवठा द्यायचा नाही.

विमा असलेल्यांना आणखी एक जण भेटतो, ‘क्लेम करून देतो’ म्हणणारा. को‍ऱ्या कागदावर सही, कोरा चेक आणि क्लेममधला वाटा, या त्याच्या अटी. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला येणारा, विमा कंपनी नेमते आणि त्याची फीही तीच देते, तुमच्याकडे पैसे मागण्याचं कारण नाही. कंपनीला लगेच कळवा, पाण्याच्या रेषेचे मोजपट्टीसह फोटो काढा आणि सर्व्हे होईपर्यंत खराब सामान शक्यतो टाकू नका. कुजत असेल तर फोटो आणि कंपनीला लेखी कळवणं, दोन्ही झाल्यावरच टाका.

पैसे देताना कामाचे तुकडे पाडा: उपसा व गाळ, वाळवणी, दुरुस्ती. दुरुस्तीचा आगाऊ हप्ता वाळवणीचे आकडे हातात आल्यावरच, आणि शेवटचा हप्ता प्लास्टिकची चाचणी पास झाल्यावर. बिलावर अठरा टक्के जीएसटी लावला असेल तर १५ अक्षरी क्रमांक जीएसटी पोर्टलवर तपासा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ नं सुरू होतो. पोर्टलवर दुसरंच नाव निघालं तर बोलणं तिथेच संपवा.

पैसे ऑनलाइन गेले आणि माणूस गायब झाला तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. काम निकृष्ट झालं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कंपनीचा पत्ता कुठलाही असो, तुम्ही नागपुरात राहत असाल तर तक्रार नागपुरातच दाखल होते. तिथे पेन्सिलच्या खुणांचे ते तारीखवार फोटो सोबत जोडा.