रात्री मागे वळून की काम करता करता?

‘देव जवळ आहे म्हणतात, पण मला दिवसभरात तो जाणवतच नाही.’ प्रार्थनासभेनंतर कुणी असं म्हटलं की सल्ले दोन मिळतात. रात्री झोपण्याआधी दिवसाकडे मागे वळून बघा. किंवा काम करता करता प्रभूशी बोलत राहा. दोन्ही जुने आणि दोन्ही खरे. पण दोन्ही एकदम सुरू केले की आठवड्यात दोन्ही सुटतात, म्हणून आधी कुठला धरायचा ते ठरवावं लागतं.

पहिला मार्ग येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांचा. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेले असताना त्यांच्या लक्षात आलं, की पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मौज वाटते, पण नंतर मन कोरडं पडतं. ख्रिस्ताचा नि संतांचा विचार केला की समाधान मागे उरतं. देवाची खूण अशी बरेचदा मागाहून पटते. रात्रीचं परीक्षण त्यावरच उभं आहे. आधी आभार मानायचे, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, सकाळपासूनचा दिवस आठवायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

यात आभार पहिले, हे विसरू नका. मी सुरुवातीला ते गाळून थेट चुकांवर जात असे आणि रोज रडवेली होऊन झोपत असे. एखादा ठरावीक दोष सुटावा म्हणून इग्नेशियसांनी रोजच्या रेघेवर, तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके मांडण्याची रीतही सांगितली आहे. ती उपयोगी आहे, पण आधीच स्वतःला बोल लावणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

आभारांपासून सुरुवात केली तेव्हा काय दिसलं ते सांगते. आजारी सासूबाईंना औषध देऊन मी घाईने निघाले होते. त्यांनी माझा पदर धरला, बोटं सोडेचनात. मी चिडून पदर ओढून घेतला. रात्री तो क्षण पुन्हा डोळ्यांपुढे आला तेव्हा ती सुरकुतलेली बोटं दिसली, आणि प्रभू मला तिथे थांबायला सांगत होता हे कळलं. सकाळी चहा घेऊन गेले ती त्यांच्या पलंगावर बसूनच राहिले.

दुसरा मार्ग सतराव्या शतकातल्या ब्रदर लॉरेन्स यांचा. हे आधी शिपाई होते, मग पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेले व्रतस्थ, झाले आणि वाट्याला आलं स्वयंपाकघर. त्या कामाची त्यांना मुळात नावड, तरी वर्षानुवर्षं ते केलं. तव्यातलं आम्लेट उलटायचं तेही देवाच्या प्रेमाखातर. प्रार्थनेची वेळ वेगळी नि भांड्यांची वेगळी, असं त्यांच्या लेखी नव्हतंच. इथे पायऱ्या नाहीत. मन भरकटलं की हळूच परत आणायचं. वाचताना सोपं वाटतं, पण पहिली दहा वर्षं आपल्याला फार जड गेली, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

म्हणून माझं मत असं: शिकवणं, हिशेब, सतत फोनवर बोलणं अशी डोकं गुंतवणारी नोकरी असेल, तर परीक्षणापासून सुरुवात करा. हात कामात आणि मन मोकळं असेल, म्हणजे भाजी निवडणं, शेतातलं काम, लोकलमधला उभ्याने प्रवास, तर लॉरेन्सचा मार्ग धरा. आणि अपराधी भावनेने पोखरलेल्या माणसाने, काम कुठलंही असो, लॉरेन्सकडेच जावं. चूक झाली की ते देवापाशी कबूल करत, तू मला सोडलंस तर माझ्या हातून हेच होणार म्हणत, आणि पुन्हा कामाला लागत.

तरीही ठरत नसेल तर महिनाभर परीक्षण करून बघा. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांना शेजारून चालणारा येशू ओळखू आला नाही. भाकर मोडताना डोळे उघडले आणि मग आठवलं, की वाटेतच आपलं अंतःकरण पेटत होतं. शुभवर्तमानकार लूक पुढे सांगतो, ते त्याच घटकेस उठून यरुशलेमेला परत निघाले. महिन्याच्या शेवटी मनाला किती शांत वाटलं हे मोजू नका. आपण कुणासाठी उठलो का, कुणाकडे परत गेलो का, ते बघा.

माझं रात्रीचं परीक्षण अजून चालू आहे. अलीकडे सकाळची पहिली पोळी तव्यावर टाकताना ‘प्रभू, तू इथे आहेस’ एवढं म्हणते, आणि ती पोळी सासूबाईंच्या ताटात जाते.