भुताच्या पिक्चरचं पोस्टर: चेहरा घ्यायचा का विहीर?

आमच्या साताऱ्यातली चार पोरं हॉरर शॉर्टफिल्म करतायत, नाव 'पाळत'. एडिटिंग संपत आलंय आणि परवा रात्री पोस्टरचे दोन ड्राफ्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून विचारतात, ताई यातलं कुठलं फायनल करू. दोन ओळीत उत्तर देता आलं असतं, पण हाच प्रश्न मला वर्षातनं तीन-चारदा येतो, कधी एकांकिकावाले विचारतात कधी यूट्यूबवाले, म्हणून यावेळी सगळं सविस्तर लिहून टाकते, ज्यांना ठरवायचंय त्यांना उपयोग होईल.

पहिला ड्राफ्ट म्हणजे बाईचा पोस्टरभर चेहरा, केस तोंडावर, बुबुळं पांढरी, मागं सगळं काळं आणि लाल रंगातल्या नावातनं रक्त गळतंय. दुसरा म्हणजे साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीत खाली उतरून वर बघत काढलेला फोटो, चारी बाजूनं काळा दगड, मधे आठ कोनांचं आभाळ आणि काठावर एक माणूस उभा, नखाएवढा दिसतोय, तोंड कळत नाही. नाव खाली कोपऱ्यात, पांढरं, साधं.

चेहऱ्याच्या पोस्टरला लोक आता जुनाट म्हणतात ते मला पटत नाही. रामसे बंधूंच्या काळात, 'पुराना मंदिर' (1984), 'वीराना' (1988) वगैरेच्या वेळी, पोस्टर भिंतीवर लागायचं आणि बघणारा सायकलवरनं नाहीतर एसटीच्या खिडकीतनं जायचा, त्याला तेवढ्या दोन सेकंदात कळायला पाहिजे की भुताचा पिक्चर आलाय. म्हणून सगळं एकाच कागदावर कोंबायचं, सैतानाचं तोंड, हवेली, किंचाळणारी हिरॉइन, वर जाड अक्षरं. ते हातानं रंगवणाऱ्या लोकांचा हात फार तयार असायचा. आपल्या शेजारी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1924 साली 'कल्याण खजिना'चं पोस्टर स्वतः रंगवलं होतं, तेव्हापासनं ही विद्या आपल्या भागात आहे. तर चेहऱ्याचं पोस्टर लांबनं कळतं आणि मोबाइलवर थंबनेल एवढंसं झालं तरी कळतं, हा त्याचा फायदा आजही तेवढाच आहे.

तोटा असा की तुमच्याकडचा सगळ्यात भारी शॉट तुम्ही आधीच फुकट वाटून टाकता. पोरांच्या फिल्ममधे ती बाई पहिल्यांदा दिसते चौदाव्या मिनिटाला, तोवर नुसती पावलं, नुसता कळशीचा आवाज, मी बघितलंय, अंगावर काटा येतो. तेच तोंड पोस्टरवर आठवडाभर बघून आलेल्या माणसाला चौदाव्या मिनिटाला काय होणार? ओळखीचं कोणीतरी आल्यासारखं वाटणार. त्यात पांढरी बुबुळं आता कुठल्याही अ‍ॅपवर एका टॅपमधे होतात, सगळ्यांची सारखीच दिसतात.

जागेचं पोस्टर काय करू शकतं ते बघायचं असेल तर 'द एक्झॉर्सिस्ट' (1973) चं पोस्टर उघडा, बिल गोल्ड यांनी केलेलं. रात्र, धुकं, टोपी घातलेला एक माणूस हातात बॅग घेऊन घरासमोर उभा आणि वरच्या खिडकीतनं त्याच्यावर उजेड पडलाय. झपाटलेली पोरगी त्यात कुठंच नाही. उजेड म्हणजे खरं तर धीर वाटायची गोष्ट, पण इथं नेमका त्याच खिडकीतनं येतोय जिथं जायची भीती वाटते. 'रोझमेरीज बेबी' (1968) मधे पण तेच, हिरव्या रंगात आडवा चेहरा आणि खडकावर काळी बाबागाडी, बाळ दाखवलंच नाही. चेहरा आहे, पण तो भुताचा नाही, आईचा आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, चेहरा घ्यायचाच असेल तर भीती वाटणाऱ्याचा घ्या, भीती घालणाऱ्याचा नको.

विहिरीच्या ड्राफ्टमधे तर याच्यापुढची गोष्ट झालीय आणि पोरांना ती बहुतेक कळलीच नाहीय. कॅमेरा खाली आहे. म्हणजे पोस्टर बघणारा विहिरीत आहे आणि वरनं कोणीतरी त्याच्याकडं बघतंय. नाव काय, तर पाळत. चेहऱ्याच्या पोस्टरमधे आपण भुताला बघतो, इथं आपल्यावर नजर आहे. असं चित्र ठरवून सुचत नाही, मिळालंय तर सोडू नका.

आता नावाबद्दल, कारण इथं मराठी पोस्टरवाले हमखास फसतात. रक्त गळणारी अक्षरं ही इंग्रजी पोस्टरवरनं आलेली पद्धत, तिथं अक्षराच्या खाली जागा मोकळी असते, थेंब लोंबला तरी अक्षर बदलत नाही. आपल्याकडं खाली उकार असतात. पहिल्या ड्राफ्टमधे 'त'च्या खाली ओघळ आलाय आणि तो जरा वळलाय, मी मोबाइल लांब धरला तर 'पाळतू' वाचलं, घरी आईला दाखवलं तर तिनं पण 'पाळतू' वाचलं. कुत्र्यामांजराचा पिक्चर वाटेल. देवनागरीत खेळायची जागा वर आहे, शिरोरेघ. ती एका अक्षरावर तोडा, किंवा एकाच बाजूनं झिजल्यासारखी करा, नाहीतर शब्द संपल्यावर पण थोडी पुढं जाऊ द्या, तेवढ्यानं सुद्धा डोळ्याला काहीतरी खटकतं. रोझा वन, मुक्ता, खांड असे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, त्यातला एक साधा घ्या आणि एकच जागा बिघडवा.

काळ्या रंगाचं दोन्ही ड्राफ्टना लागू आहे. मागं एकदा एका ग्रुपचं चार बाय सहाचं फ्लेक्स मी केलं होतं, काळ्या बॅकग्राउंडवर काळे केस, लॅपटॉपवर सुंदर दिसत होतं, दुकानातनं प्रिंट आलं तर केस आणि अंधार एक झालेले, मधे नुसता चेहरा तरंगतोय, आणि काळा म्हणून जो होता तो उन्हात राखाडी दिसत होता. ऑपरेटर म्हणाला, मॅडम काळ्यात काळं कसं दिसणार. बरोबरच होतं त्याचं. स्क्रीन स्वतः उजेड देते, फ्लेक्स देत नाही. तेव्हापासनं मी प्रिंटची फाइल सीएमवायकेमधे करते, म्हणजे छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या हिशेबात, मोठ्या काळ्या भागात नुसता काळा न ठेवता बाकीचे तीन रंग पण घालते, साधारण 60, 40, 40 टक्के आणि काळा 100, आणि सावल्या स्क्रीनवर जरा जास्तच उजळ वाटतील इतक्या वर उचलते. आधी एक फूटभर तुकडा काढून घ्यायचा आणि उन्हात नेऊन बघायचा. विहिरीच्या ड्राफ्टमधे दगडाचे थर दिसले नाहीत तर ती विहीरच राहणार नाही, नुसतं भोक दिसेल. आणि काळं पाहिजेच असंही काही नाही, 'द शायनिंग' (1980) चं सॉल बास यांचं पोस्टर पिवळंधम्मक आहे आणि तरी बघवत नाही.

वस्तूचा पण एक पर्याय असतो, बाहुली, लिंबू, टाचण्या. सध्या इतकं झालंय की मी तो धरतच नाही.

पण एक गोष्ट दोन्ही ड्राफ्टवर आहे ती काढाच. खाली लिहिलंय 'सत्य घटनेवर आधारित'. फिल्म तुम्ही स्वतः लिहिलीय. आणि ती विहीर खरी आहे, वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मधे बांधून घेतलेली, गावाला तिचा अभिमान आहे, लोक पोराबाळांना घेऊन बघायला येतात. त्या फोटोखाली ही ओळ टाकली की चार दिवसात कोणीतरी रील करणार, शापित विहीर म्हणून, आणि ते मग तुमच्या हातात राहत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. त्यांच्या गावात बसून आपण हे करू नये असं मला मनापासनं वाटतं. भीतीची गोष्ट जरूर सांगा, मला आवडतात, पण गोष्ट म्हणून सांगा. मोकळे केस आणि हिरव्या बांगड्यांची बाई म्हणजे हडळ, हे चित्र पण मला तेवढ्याचसाठी नको वाटतं, गावात एकटी राहणारी एखादी म्हातारी असतेच, तिच्याकडं बघायची नजर असल्या चित्रांनी बिघडते.

तर कुणी काय घ्यावं? तुमचं भूत पहिल्याच मिनिटाला दिसत असेल, फिल्म आरडाओरड्याची असेल आणि ती फक्त यूट्यूबवर जाणार असेल तर चेहरा घ्या, बिनधास्त. एकांकिकेला पण चेहराच बरा, कारण नटाला बघायला लोक येतात. पण ज्या गोष्टीत भूत उशिरा येतं किंवा येतच नाही तिथं जागा.

पोरांनो, तुम्ही विहीर घ्या. फक्त काठावरचा माणूस मोबाइलवर गायब होतोय, भिंतीवरच्या पोस्टरला तो चालेल, पण थंबनेल 1280 बाय 720 चं आडवं असतं, तिथं उभं पोस्टर तसंच दाबून टाकू नका, आभाळाचा तुकडा आणि माणूस एवढंच क्रॉप करा. आणि रविवारी सकाळी परत लिंबला जा. त्याला तो निळा टीशर्ट काढून गडद काहीतरी घालायला लावा म्हणजे आभाळावर काळा उठून दिसेल, काठापासनं एक पाऊल मागं उभा करा, आणि मान थोडी खाली झुकवायला सांगा.