नाउरू कराराच्या नावावर माझे २,२७,५०० रुपये गेले

करार खरा होता, म्हणूनच मी फसलो. टूना पकडणाऱ्या परदेशी जहाजावर खलाशी म्हणून लावतो, असं सांगणाऱ्या एजंटने किरिबाटी, तुवालू, पापुआ न्यू गिनी अशी आठ देशांची नावं असलेला कागद दाखवला. मी नेटवर शोधलं. १९८२चा नाउरू करार आहेच, प्रशांत महासागरातल्या या देशांचा टूना मासेमारीबद्दलचा. या देशांच्या समुद्रात पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला जाळ्याने वेढून पकडणाऱ्या, जहाजांना मासेमारीचे दिवस विकत घ्यावे लागतात, दिवसाला किमान ८,००० डॉलर, तेही खरं निघालं. मग संशय कशाचा घ्यायचा?

आधी रजिस्ट्रेशनचे १५,०००, मग व्हिसा-मेडिकलचे ४८,५००. त्यानंतर म्हणाला, “दिवसाचे ८,००० डॉलर २४ खलाशांत वाटून भरायचे. तुझ्या वाट्याला सहा दिवसांचे २,००० डॉलर, म्हणजे १,६४,०००. पहिल्या पगारात परत.”

इथे, अगदी इथेच मी उठून यायला हवं होतं. हर्णैला आमच्या काकांची बोट आहे. डिझेल, बर्फ, परवाना, सगळं मालक बघतो. खलाशाकडे परवान्याचे पैसे मागितलेले मी जन्मात पाहिले नाहीत. तिकडेही तसंच असतं: दिवस विकत घेते जहाजाची कंपनी, पैसे जातात त्या बेटांच्या सरकारांकडे. खलाशाचा संबंधच नाही! आणि मी आईच्या पाटल्या गहाण टाकून ते भरले.

मी हावरट नाही. २०१६पासून आमच्या पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच चार महिने मिळतात. उरलेले आठ महिने घर कसं चालवायचं?

जहाजाचं नाव विचारा, आणि कंपनीला स्वतः मेल करा. मी केला तो पैसे गेल्यावर. असं जहाजच त्यांच्याकडे नव्हतं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “एवढे पैसे दिलेस कशाला?” तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा साहेब बंदोबस्ताला. जहाजांच्या सरकारी कार्यालयात म्हणाले, मासेमारीचं जहाज आमच्याकडे येत नाही. परदेशी नोकऱ्यांच्या कार्यालयात म्हणाले, खलाशी आमच्याकडे येत नाहीत. मासेमारी खात्याने तर अर्जच घेतला नाही, समुद्र आपला नाही म्हणे. मग माझ्यासारख्याने जायचं कुठे? तिन्ही रकमा मी एजंटच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने पाठवल्या, खाते क्रमांक माझ्याकडे आहे, तरी ते खातं गोठवायला कुणी तयार नाही. कंपनीऐवजी माणसाच्या नावावर पैसे मागितले, की तिथेच थांबा.

त्याच कागदावर दापोली-गुहागरकडच्या आणखी कुणी पैसे भरले असतील, तर लाजू नका, पावत्या घेऊन माझ्यासोबत ठाण्यात या. एकट्याच्या अर्जावर गुन्हा दाखल होणार नाही, असं मला तोंडावर सांगितलंय.