इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, १०० मिलीची बाटली: बाल्कनीतल्या वापरानंतरचा अभिप्राय

पार्ल्यातील आमच्या बाल्कनीत जास्वंदीच्या तीन कुंड्या आहेत आणि त्यांना लागूनच तुळस आहे. यंदा फेब्रुवारीत जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, ज्याला रोपवाटिकेत सगळे मिलीबग म्हणतात, इतका माजला की कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारल्यावर ‘हे औषध मारा, आठवड्यात साफ होईल’ असे सांगून दुकानदाराने इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची ही बाटली हातात ठेवली. मधमाश्यांचे काय, असे मी विचारले तेव्हा ‘काही होत नाही, सगळेच नेतात’ एवढेच उत्तर मिळाले. आपण विषाला सर्रास औषध म्हणतो, त्यामुळे असे उत्तर देणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नसावे.

ज्या कामासाठी बाटली घेतली ते काम तिने चोख केले, हे आधी नोंदवतो. पहिल्या फवारणीनंतर पाच-सहा दिवसांत पांढरा कापूस वाळून गळू लागला, दुसरीनंतर नवी पालवी स्वच्छ आली. हे कीटकनाशक आंतरप्रवाही आहे, म्हणजे ते पानावर नुसते बसून राहत नाही, तर झाडाच्या रसात उतरते आणि रस शोषणाऱ्या किडीच्या पोटात जाते. पानाच्या बेचक्यात दडलेला मिलीबग म्हणूनच सुटत नाही.

वेष्टनाबद्दल मात्र तक्रार आहे. प्रमाण लिटरला अर्धा मिली, पण बाटलीसोबत माप नाही आणि टोपणावर खूण नाही. मी औषधांच्या दुकानातून इंजेक्शनची सिरिंज आणून, हातमोजे घालून मोजले. दोन फवारण्यांना मिळून चार लिटर पाणी लागले, म्हणजे दोन मिली कीटकनाशक संपले. शंभर मिलीत दोनशे लिटर द्रावण होते. चार कुंड्यांच्या बाल्कनीला असा आकार कोणी विकावा आणि कोणी घ्यावा, हे मला उमगलेले नाही. घडीपत्रिकेतील मराठी मजकूर वाचायला भिंग लागले. त्यात एक ओळ सापडली: मधमाश्यांना विषारी, माश्या फुलांवर असताना फवारू नये. लेबलावरचा पिवळा त्रिकोण या बाबतीत काहीच सांगत नाही, कारण आपल्याकडील लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग प्रयोगशाळेतील सस्तन प्राण्यांवर किती मात्रा घातक ठरते यावरून ठरतात. माशीसाठी त्यात रंगच नाही.

ती एक ओळ पाळली की काम झाले, असा माझाही समज होता. मी संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास फवारले. तुळस मात्र झाकली नाही, आणि खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याने बारीक तुषार तिच्या मंजिऱ्यांवर गेले. सकाळी आठच्या उन्हात त्या मंजिऱ्यांवर फुलोरी माश्या येतात. मुंगीपेक्षा थोडी मोठी, पोटावर काळे-पांढरे पट्टे, एका फुलावर क्षणभर टेकून पुढच्यावर जाणारी ही माशी अनेकांना मधमाशी म्हणून ओळखूही येत नाही. त्या आठवड्यात मला एकही मेलेली माशी दिसली नाही. हे समाधान मानण्यासारखे वाटले, पण नंतर जे वाचले त्यावरून ते फसवे ठरते.

आधी साधा हिशेब पाहा. या द्रावणाच्या एका लिटरात सुमारे १०० मिलिग्रॅम इमिडाक्लोप्रिड असते. युरोपीय मूल्यमापनात युरोपीय मधमाशीसाठी पोटात गेल्यावर निम्म्या माश्या मरतील अशी मात्रा प्रत्येक माशीमागे ३.७ नॅनोग्रॅम धरली आहे. म्हणजे द्रावणाच्या एका टपोऱ्या थेंबात (सुमारे ०.०५ मिली) तशा तेराशेहून अधिक मात्रा मावतात. झाडात शिरून मकरंदात उतरणारे प्रमाण याच्या मानाने नगण्य असते, हे खरे. परंतु नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अशाच नगण्य प्रमाणाचा आहे. त्यांनी शेतातील मधमाश्यांच्या पेट्यांना १५ दिवस पाकातून लिटरला फक्त २ मायक्रोग्रॅम, म्हणजे माझ्या द्रावणाच्या पन्नास हजाराव्या हिश्श्याइतके, इमिडाक्लोप्रिड दिले आणि नंतर कामकरी माश्यांच्या अळ्यांतील आरएनए, म्हणजे जनुक वाचले जाताना तयार होणाऱ्या त्याच्या प्रती, तपासले.

त्यांना सुमारे ३०० जनुकांच्या आरएनए-प्रतींचे प्रमाण बदललेले आढळले. विषारी द्रव्ये मोडणाऱ्या पी-४५० गटातील काही जनुकांचे काम वाढले होते, म्हणजे अळीचे शरीर विष उपसण्याच्या कामाला लागले होते; आणि त्याच वेळी साखरेपासून ऊर्जा काढणाऱ्या मार्गांतील जनुके मंदावली होती. घरात पाणी शिरले की माणसे चूल सोडून बादल्या घेऊन धावतात, तसेच काहीसे. वाढीच्या आखणीला स्थैर्य देणारे एचएसपी-९० हे जनुकही कमी वाचले जात होते. उडण्याचे स्नायू ऊर्जेसाठी साखरेवरच चालतात, म्हणून हाच परिणाम प्रौढ माशीत झाला तर तिच्या उड्डाणावर ताण येऊ शकेल, अशी शक्यता त्या संशोधकांनी मांडली आहे. सिद्ध झाल्याचा दावा त्यांनी केलेला नाही.

मधमाशीत जनुकांचे हे चालू-बंद होणे किरकोळ नसते. राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यातून निघतात. अळीला मिळणाऱ्या आहारामुळे कोणती जनुके वाचली जातात ते बदलते आणि त्यावरून एक वर्षानुवर्षे अंडी घालते, दुसरी काही आठवडे राबून मरते. शिवाय मधमाशीचा जनुकसंच २००६ साली वाचला गेला तेव्हा तिच्याकडे पी-४५० गटाची ४६ जनुके असल्याचे दिसले. फळमाशीकडे ८५ आहेत. पुढे २०१८ मध्ये असे आढळले की या गटातील सीवायपी-९क्यू-३ हे विकर (एन्झाइम) थायाक्लोप्रिड या दुसऱ्या कीटकनाशकाचे विघटन झपाट्याने करते, इमिडाक्लोप्रिडपुढे मात्र ते जवळजवळ हतबल असते. दोन्ही कीटकनाशके एकाच रासायनिक कुळातील, पण एक माशीला पचते आणि दुसरे पचत नाही. इटलीतील संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवले की त्याच कुळातील क्लोथियानिडिनमुळे रोगप्रतिकाराला आवर घालणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक अधिक वाचले जाते आणि पंख वेडेवाकडे करणारा विषाणू माशीत फोफावतो. इमिडाक्लोप्रिडनेही प्रतिकारशक्ती तशीच दबल्याचे त्यांना दिसले. युरोपीय संघाने २०१३ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि त्याच कुळातील थायामेथॉक्झाम यांवर निर्बंध घातले, आणि २०१८ मध्ये कायम उभ्या असलेल्या हरितगृहांबाहेर त्यांचा वापर थांबवला.

हे सारे प्रयोग युरोपीय माशीवरचे आहेत. माझ्या बाल्कनीतल्या फुलोरीच्या जनुकांचे काय झाले हे एका तुळशीवरून सांगता येणार नाही, आणि तसा दावा मी करत नाही. माझा आक्षेप सूचनेवर आहे. ‘माश्या असताना फवारू नये’ ही ओळ अंगावर थेट पडणाऱ्या तुषारापुरती आहे. जे द्रव्य झाडात शिरून मकरंद व परागापर्यंत पोहोचते आणि कुंडीतल्या मातीत कित्येक महिने राहू शकते, त्याला घड्याळाची वेळ कशी लागू पडणार? फुलणाऱ्या झाडांवर वापरू नका आणि शेजारच्या कुंड्या झाका, असे साध्या मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरांत छापायला हवे होते.

किडीवरील परिणामाला पाचपैकी पाच, माप आणि घडीपत्रिकेला एक, बाल्कनीसाठी योग्यतेला शून्य. जास्वंदीवर पुन्हा दोन-चार ठिपके दिसले तेव्हा मी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने ते पुसले आणि पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारला. वेळ जास्त लागला, भागले मात्र. तुळशीच्या त्या मंजिऱ्या खुडून टाकल्या आणि पाने तीर्थात घालणे तूर्त थांबवले आहे. उरलेले अठ्ठ्याण्णव मिली दुकानदार परत घ्यायला तयार नाही, मोरीत ओतायचे नाही एवढे मला कळते, म्हणून बाटली दोन पिशव्यांत बांधून माळ्यावर कुलपात ठेवली आहे.