अडीचशेच्या प्रवासाचे अकराशे रुपये

मार्च २०२५ मध्ये मावशीच्या तपासण्यांसाठी तिला घेऊन मी अकोल्याहून मुंबईला, परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात गेलो. पहाटे चारला येणारी आमची गाडी लोकमान्य टिळक टर्मिनसला साडेपाचला लागली आणि बाहेर पडतो न पडतो तोच एका रिक्षावाल्याने मावशीच्या हातातली पिशवी घेऊन चालायलाच सुरुवात केली. पिशवीतून डोकावणारी एक्स-रेची पाकिटे पाहून त्याने आमचा मुक्काम ओळखला असावा. "टाटा ना, मावशी? चला, सोडतो," असे म्हणून त्याने तीनशे रुपये सांगितले.

मी मीटरचा आग्रह धरला, तेव्हा नुकतीच दरवाढ झाली आहे, रात्रीचा दर दुप्पट असतो आणि सामानाचे वेगळे द्यावे लागतात, अशी तीन कारणे त्याने दिली. आज विचार करता जाणवते, की त्याचे एकही वाक्य निखालस खोटे नव्हते आणि म्हणूनच मी फसलो. दरवाढ १ फेब्रुवारीपासून खरोखरच लागू झाली होती. परंतु त्यामुळे पहिल्या दीड किलोमीटरचे रिक्षाभाडे २३ रुपयांवरून २६ आणि टॅक्सीचे २८ वरून ३१ झाले होते, इतकेच. रात्रीचा दर असतो, पण तो मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेतच आणि तोही सव्वापट; आम्ही तर साडेपाचला उतरलो होतो. सामानाचा आकारही अगदी किरकोळ असतो.

शीवला रस्त्याच्या कडेला रिक्षा थांबवून तो म्हणाला, "इथून पुढे रिक्षाला बंदी आहे, दादा." हेही खरेच होते. शीव आणि माहीमच्या पलीकडे, म्हणजे मूळ शहरात, रिक्षा चालत नाहीत. परळला जायचे तर टर्मिनसवरूनच टॅक्सी करायला हवी. हे मुंबईतल्या लहान मुलालाही ठाऊक असते, मात्र अकोल्याहून आलेल्याला ते कोण सांगणार? तीनशे रुपये घेऊन त्याने समोरच उभ्या असलेल्या टॅक्सीकडे बोट दाखवले. त्या चालकाने काहीही न विचारता आमचे सामान डिकीत ठेवले, यावरून काय समजायचे ते मी फार उशिरा समजलो.

टॅक्सीच्या मीटरवर नॅपकिन टाकलेला होता. मीटर बिघडला आहे, चारशे होतील, असे त्याने गाडी सुरू केल्यावर सांगितले. रुग्णालयाच्या फाटकाशी मी पाचशेची नोट दिली. ती घेऊन तो क्षणभर खाली वाकला आणि शंभराची नोट माझ्यापुढे धरून म्हणाला, "साहेब, शंभरच दिलेत." मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, मावशीला रांगेत नंबर लावायची घाई होती आणि रात्रभर झोप नसल्याने माझाही स्वतःवर विश्वास राहिला नाही. ती शंभराची नोट खिशात टाकून मी पाचशेची दुसरी नोट दिली; त्याने शंभर परत केले. म्हणजे चारशेऐवजी आठशे त्याला आणि तीनशे रिक्षावाल्याला गेले होते.

दुपारी भेटलेल्या वाहतूक पोलिसाने एकच प्रश्न विचारला : गाडीचा क्रमांक काय? दोन्ही गाड्यांचे क्रमांक मी पाहिलेसुद्धा नव्हते. खिशात मोबाइल असून एक फोटो काढायचे सुचले नाही, याचेच मला सर्वांत वाईट वाटते. इलेक्ट्रॉनिक मीटर भाडे थेट रुपयांत दाखवतो आणि पहिल्या दीड किलोमीटरपर्यंत आकडा किमान भाड्यावरच थांबलेला दिसायला हवा, हेही त्यानेच सांगितले.

परतीला आम्ही रुग्णालयापासून थेट टर्मिनसपर्यंत मीटरने टॅक्सी केली. बसण्याआधी मी क्रमांकाचा फोटो घेतला. भाडे २५८ रुपये झाले. पैसे द्यायला मी खिशात हात घातला, तोवर मावशीने स्वतःच्या बटव्यातून नोट काढून ती खिडकीच्या उजेडात उंच धरली होती आणि ती चालकाला बजावत होती, "नीट बघून घ्या, ही पाचशेची आहे."