ॲप हरलं, सासूबाई जिंकल्या

गाणं ओळखून देणारं हे ॲप मुलाने माझ्या फोनमध्ये घालून दिलं त्याला वर्ष झालं. हिंदी गाण्यांना ते झकास आहे. रिक्षात लागलेलं गाणं गोखले रोडचा सिग्नल सुटायच्या आत सांगतं. मला मात्र ते हवं होतं मूकपटांसाठी.

झालं असं, की विनोदवीर बस्टर कीटनच्या ‘द जनरल’ या मूकपटाची एक स्वस्तातली डीव्हीडी घरी होती. १९२६चा सिनेमा. तेव्हा थिएटरात पडद्यापुढे कुणीतरी वाजवायला बसायचं. आमच्या डिस्कवाल्याने त्याऐवजी हाताला लागेल ते पाश्चात्त्य संगीत चिकटवलंय, आणि कुठे नावाचा पत्ता नाही. अर्धं ओळखीचं वाटतं, त्यामुळे सिनेमाकडे लक्षच लागत नाही. कीटन आगगाडीच्या इंजिनाच्या दांड्यावर बसलाय, दांडा त्याला घेऊन वरखाली होतोय, आणि मी आपली ‘कुठे ऐकलंय, कुठे ऐकलंय’ करत बसलेय.

पहिला तुकडा ॲपने पाच सेकंदांत दिला. ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराचं ‘पीअर गिंट’, वर ऑर्केस्ट्राचं नावसुद्धा. मी खूश. पुढे पाठलाग सुरू झाला आणि व्हायोलिनं एकदम थरथरायला लागली. फोन टीव्हीपुढे धरला. काही सापडलं नाही. पंखा बंद केला. नाही. कुकर उतरवून तिसऱ्यांदा धरला, तरी नाही. मला वाटत होतं मोझार्टची ४०वी सिंफनी असेल, म्हणजे सलील चौधरींनी ‘छाया’त (१९६१) ‘इतना ना मुझसे’साठी घेतलेली. पण गुणगुणून बघितलं तर जुळेना.

तेवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, “अगं, घड्याळाची जाहिरात लागलीय का?”

टायटन! वय ८४, सिंफनी म्हणजे काय ते माहीत नाही, कान एक कमी. तरी एका झटक्यात. टायटनची ट्यून म्हणजे मोझार्टची २५वी सिंफनी, १७७३ची. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. तीही ‘जी मायनर’ या स्वरात आणि ४०वीही ‘जी मायनर’मध्येच, म्हणून माझा गोंधळ.

मग ॲपला का नाही जमलं? मी पेटी काढली. ‘जी’ हा सूर म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी, पांढरी पाच. यूट्यूबवरची सिंफनी तिथे चपखल बसली. डीव्हीडीवरची बसेना. पांढरी पाचच्या बरीच वर, तिच्या लगतच्या काळी चारच्या जरा खाली. पेटीत तिथे पट्टीच नाही. मुलाने उलगडा केला: सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, ‘पाल’ (PAL) या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर तो २५ने पळवतात. चार टक्के वेग वाढला की सूरही चढतो, जवळजवळ पाऊण पट्टी. आणि ही ॲप्स चाल ओळखत नाहीत, त्या ठराविक ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवतात. सूर सरकला की ठसा बिघडला. (ग्रीगचा तुकडा बहुधा नंतर चिकटवलेला असावा, तो पेटीवर बरोबर लागतो.)

मुलाने लॅपटॉपवर डिस्कचा वेग ०.९६ पट केला, सूरही उतरेल अशी सोय करून. ॲपने लगेच मोझार्ट सांगितला. हे ॲपच्या बाजूने लिहायलाच हवं.

पाचपैकी तीन तारे. फुकट आहे, बॅटरी खात नाही, आणि सापडलेल्या गाण्यांची यादी ठेवतं, ती मला फार आवडते. मूकपटांसाठी घेत असाल तर मात्र शेजारी एक पेटी आणि एक म्हातारं माणूस असू द्या.

सिनेमात पूल कोसळण्याआधीचा पियानोचा तुकडा अजून अडकलाय. ०.९६ करूनही नाही. परवा सासूबाईंना मुद्दाम बाहेर बोलावून ऐकवला. डोळे मिटून पूर्ण ऐकला त्यांनी, आणि म्हणाल्या, “ही जाहिरात आपल्याकडे नव्हती लागत.”